संकलक

वैशाखवणवा गडचिरोलीच्या रानावर उतरला, मोहाची फुले वेचून संपली आणि तेंदूच्या खुरट्या झुडपांवरची तांबूस पालवी हिरवी होऊन हाताच्या पंजाएवढी झाली, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ‘संकलक’ या भारदस्त शब्दाला काही दिवसांपुरता एकच अर्थ उरतो. पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडणारी, ऊन डोक्यावर येण्यापूर्वी पानांचे ओझे घेऊन परतणारी, दुपारभर ओसरीवर बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधणारी आणि दिवस कलताना ती फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मुन्शीपुढे मोजून देणारी बाई ही दप्तरी भाषेत तेंदूपत्ता संकलक असते. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते आणि त्या गोणीच्या भावावर तिच्या घरचा पावसाळा अवलंबून असतो. संगणकातल्या कंपायलरलाही मराठीत काही जण ‘संकलक’च म्हणतात, याची मला पुष्कळ वर्षे मौज वाटत असे, कारण माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा हा दुभाष्या, त्याचा वेचण्या-बांधण्याशी संबंध काय, हे उमगत नसे. पुढे वाचनात आले ते असे की, १९५२ साली ग्रेस हॉपर या अमेरिकी विदुषीने युनिव्हॅक यंत्रासाठी ‘ए-शून्य’ नावाची जी योजना सिद्ध केली, तिचे काम अक्षरशः संकलनाचेच होते: चुंबकीय फितीवर साठवलेल्या तयार गणितकृतींपैकी हव्या त्या त्यांच्या क्रमांकावरून हुडकायच्या, वेचून आणायच्या आणि एका जुडीत बांधून यंत्राच्या हवाली करायच्या. पुढे कंपायलरचे काम पालटले, नाव तेवढे राहिले. आणि ते नाव मराठीत उतरवणाऱ्यांनी नकळत का होईना, मुळाशी इमान राखले.

एकट्या कंपायलरने काम भागत नाही. त्याच्या मागेपुढे मंडळी लागतात, आणि त्या साऱ्यांना मिळून टूलचेन, म्हणजे हत्यारांची साखळी, असे म्हणतात. तिचा कारभार समजून घ्यायला जुन्या मामलेदार कचेरीइतका चांगला नमुना मला दुसरा आठवत नाही. अर्ज आला की पहिला कारकून, त्यात जेथे जेथे ‘सोबतचा दाखला पाहावा’ असे लिहिले असेल तेथे तेथे तो दाखलाच संपूर्ण नकलून घालतो आणि प्रकरण दहापट जाड करतो, हा प्रीप्रोसेसर. दुसरा, जो खरा कंपायलर, तो त्या जाड प्रकरणाचे व्याकरण तपासतो, अर्थ लावतो, पुनरुक्ती छाटतो आणि मजकूर असेंब्ली नावाच्या त्रोटक व आज्ञार्थी भाषेत उतरवतो. तिसरा असेंब्लर, त्याला अर्थाशी कर्तव्य नाही, तो शब्दामागून शब्द घेऊन त्यांचे आकडे करतो. चौथा लिंकर मात्र मुरलेला शिरस्तेदार आहे: अमुक कृती अन्यत्र आहे असा नुसता हवाला ज्या ज्या ठिकाणी दिलेला असतो तेथे तो तिचा खरा पत्ता भरतो, आणि एकच हवाला जरी निराधार आढळला तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा शेरा मारून सारे प्रकरण परत पाठवतो. असेंब्लर व लिंकर हे बिनयुटिल्स नावाच्या गठ्ठ्यात येतात. नित्य लागणाऱ्या कृतींचा संग्रह ग्लिबसी या नावाने स्वतंत्र असतो. आणि मधला मुख्य कामगार, ज्याच्याविषयी हा लेख आहे, तो जीसीसी.

हे सारे सामान आज कोणत्याही लिनक्स संगणकावर तयार स्वरूपात एका आज्ञेसरशी उतरते, आणि बहुतेकांनी तसेच उतरवून घ्यावे, असेच मीही सांगेन. तरीही ते मूळ मजकुरापासून, म्हणजे सोर्सपासून, आपल्या टेबलावर घडवून पाहावे अशी इच्छा गणिताची मास्तरकी करून निवृत्त झालेल्या माणसाला का व्हावी, याचे उत्तर आमच्या मुलखाच्या इतिहासात आहे. इथून कोळसा जातो, सागवान जाते, तेंदूचे पान बिडीच्या कारखान्यांकडे जाते, सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज ट्रकांच्या रांगांनी जाते (अलीकडे कोनसरीस लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे, हे नमूद केले पाहिजे), आणि ज्या वस्तू परत येतात त्या इतक्या तयार, बंद व चकचकीत स्वरूपात येतात की त्यांच्यात आपल्याच मातीचा काही अंश असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक या भूमीला धातू घडवण्याची स्मृती आहे. मेजर लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालात जी दंतकथा नोंदवली आहे तिच्याप्रमाणे, कोल भिल्ल नावाच्या पराक्रमी पुरुषाने विखुरलेल्या गोंडांना एकत्र आणले आणि त्यांना दगडातून लोखंड काढण्याची विद्या शिकवली. गोंड राज्याच्या स्थापनेच्या कथेत तलवारीच्या आधी भट्टी यावी, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

आणि त्याच लोखंडाची दुसरी कथा अशी. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या भूशास्त्रज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल नागपूरच्या एम्प्रेस मिलचे मालक जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला, आणि लोहारा येथील समृद्ध खनिज व जवळच वरोऱ्याचा कोळसा अशी जोडी जमत असल्यामुळे हिंदुस्थानातला पोलादाचा कारखाना चांद्याच्या परिसरात उभारावा, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. तपासणीअंती वरोऱ्याचा कोळसा या कामास अयोग्य ठरला. खाणपट्ट्यांच्या सरकारी अटीही जाचक होत्या. योजना दप्तरबंद झाली, आणि तिला मूर्त रूप आले ते जमशेटजींच्या पश्चात, १९०७ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या हातून, दूर साकचीस, ज्याला आज जमशेदपूर म्हणतात. खनिज उत्तम होते, माणूस द्रष्टा होता, भांडवल होते; अडले ते एका सोबतच्या वस्तूपाशी. संगणकाच्या कारागिरीत या प्रकाराला डिपेंडन्सी असे नाव आहे, आणि सोर्समधून काही घडवू पाहणाऱ्या माणसाचा निम्मा काळ याच एका शब्दापायी जातो. जीसीसीची घडण सुरू करताच पहिली तपासणी असते ती जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणितसंग्रहांची, ज्यांच्या आधारे कंपायलर मोठमोठ्या व अपूर्णांकी संख्यांची आकडेमोड बिनचूक करतो. ते नसले तर काम तेथेच थांबते आणि पडद्यावर तसा स्पष्ट नकार उमटतो. लोहाऱ्याचा वरोरा तो हाच. सुदैवाने जीसीसीच्या कर्त्यांनी हे संग्रह आणून योग्य जागी ठेवणारी एक लहानशी आज्ञावली मूळ गठ्ठ्यातच घालून दिली आहे. जमशेटजींना ती सोय नव्हती.

जीसीसीचे मूळ १९८७ सालचे. सर्व लोकांना मुक्तपणे वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी जीएनयू नावाची संपूर्ण कार्यप्रणाली निर्माण करण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला, तेव्हा कंपायलरवाचून तो संकल्प म्हणजे ऐरणीवाचून लोहारकाम होते. त्यांनी प्रथम पॅस्टेल नावाचा एक तयार कंपायलर घेऊन पाहिला. पण तो साऱ्या मजकुराची मांडणी एकाच वेळी स्मृतीत करू पाहत असे आणि त्या काळच्या यंत्रांत तेवढी जागा नसे, म्हणून अखेर त्यांनी तो सोडून नवा लिहायला घेतला. आरंभी त्याला केवळ सी भाषा येत असे. पुढे भाषा वाढल्या, मध्यंतरी १९९७ मध्ये एक फुटीर शाखाही निघाली आणि दोन वर्षांनी तीच मुख्य प्रवाह म्हणून मान्य झाली, आणि आद्याक्षरे तीच ठेवून नावाचा अर्थ ‘जीएनयू कंपायलर संच’ असा विस्तारण्यात आला. याची सनद जीपीएल नावाची आहे. तिचा पहिला मसुदा १९८९ सालचा. तिचा मथितार्थ असा की, वस्तू तुला दिली म्हणजे तिचा मूळ मजकूरही मागण्याचा हक्क तुला आहे, आणि तू ती पुढे दिलीस तर तोच हक्क पुढच्यालाही द्यावा लागेल. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची हकीकत ज्याने ऐकली आहे त्याला या सनदेचे मर्म चटकन कळेल. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला खरा, पण आपल्याच रानातला बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि त्यासाठी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावी यावे लागले. हक्क कागदावर असणे आणि परवान्यावर सही करण्याचा अधिकार आपल्याकडे असणे, यांत केवढे अंतर आहे ते त्या दोन वर्षांनी दाखवले. तयार कंपायलर आणि सोर्ससह कंपायलर यांच्यामधले अंतर त्याच जातीचे.

या विद्येचे महाराष्ट्रातील पीठ म्हणाल तर ते पवईस, भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. तेथील प्राध्यापक धनंजय धामधेरे यांचा कंपायलररचनेवरील इंग्रजी ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. परदेशी पुस्तके महाग व दुर्मिळ असण्याच्या त्या काळात तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती लागला, हे त्याचे मोठे उपकार. कंपायलर मजकुरातली पुनरुक्ती कशी ओळखतो आणि कशी टाळतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांच्यासमवेत डेटाफ्लो विश्लेषणाच्या सिद्धान्तावर काम केलेले उदय खेडकर हे पुणे विद्यापीठात काही वर्षे अध्यापन करून पवईस आले, आणि अमिताभ सान्याल व बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेला त्याच विषयावरील ग्रंथ २००९ साली निघाला. परंतु माझ्यासारख्या सामान्य जिज्ञासूला खेडकरांचे ऋण वाटते ते दुसऱ्याच कारणाने. त्यांनी पवईस जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले, आणि तेथून या अवाढव्य कंपायलरची उकल शिकवणाऱ्या कार्यशाळा ओळीने काही वर्षे घेतल्या, ज्यांत अध्यापक, विद्यार्थी आणि उद्योगांतले अभियंते एकाच बाकावर बसत.

त्यांच्या शिकवण्यातली एक कल्पना मला विशेष भावली. जीसीसीचा मूळ मजकूर लक्षावधी ओळींचा. तो पहिल्या पानापासून वाचू जाणारा माणूस वाटेतच हरवणार. उलट, कंपायलर म्हणजे एक काळी पेटी, एका बाजूने मजकूर घाला आणि दुसऱ्या बाजूने आकडे घ्या, एवढ्यावर समाधान मानले तर ज्ञान होत नाही. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला, तो राखाडी पेटीचा: कंपायलरला एक लहानशी कृती द्यायची आणि प्रत्येक पायरीवर मजकुराचे काय रूप झाले आहे ते लिहून काढण्याचा हुकूम सोडायचा. असा हुकूम दिला म्हणजे चार ओळींच्या कृतीमागे शेकड्याने फाइली निघतात, आणि त्या क्रमाने वाचत गेल्यास, वैद्याने पोट न फाडता नाडीवरून आतली गोष्ट सांगावी तसे, आतल्या कारभाराचे अनुमान बांधता येते. दुसरी युक्ती स्पिम नावाच्या, सॉफ्टवेअरने नक्कल केलेल्या सोप्या, शिकवण्यापुरत्या प्रोसेसरची. त्याचे वर्णन त्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी लिहिले. आधी नुसती रिकामी कृती पचवील इतके, मग बेरीज-वजाबाकी, मग पुढचे. म्हणजे नव्या यंत्राला जीसीसी कसा शिकवावा हे विद्यार्थ्याला हाताने करून कळते.

कारण जीसीसी हा एक कंपायलर नसून कंपायलर घडवणारा कारखाना आहे, हे त्या अभ्यासक्रमाचे मुख्य सूत्र होते, आणि ते मला नुसत्या वाचनाने कधीही पटले नसते. प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन त्यात एका विशिष्ट भाषेत लिहून ठेवलेले असते. आपण घडण सुरू केली की आधी काही लहान कृती तयार होतात, त्या हे वर्णन वाचतात आणि त्यावरून हजारो ओळींचा नवा मजकूर स्वतःच लिहितात. मग तो मजकूर उरलेल्या मजकुराबरोबर कंपाइल होतो. म्हणजे कंपायलरचा बराचसा भाग असा आहे की तो कोणा माणसाने लिहिलेलाच नाही. आमच्या घरातल्या चौसष्ट-बिट डेस्कटॉपचे वर्णन ज्या फोल्डरात सापडते त्याचे नाव अजूनही ‘आय३८६’ असेच आहे. चांद्याचे चंद्रपूर होऊन इतकी वर्षे लोटली तरी स्टेशनावर ‘चांदा फोर्ट’ ही पाटी राहिली, त्यातलाच प्रकार.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळतो. माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. मे महिन्याच्या सुटीत तो आला असताना आम्ही हा उद्योग आरंभिला. यंत्र दहा वर्षांचे, चार कोअरचे, रॅम चार गिगाबाइट. दाबलेला गठ्ठा नव्वद मेगाबाइटच्या आसपास असतो, तो रात्री उतरवून घेतला. उलगडल्यावर तो दसपटीच्या घरात जातो, आणि घडण चालू असताना आणखी कित्येक गिगाबाइट जागा मागतो. येथे पहिला नियम असा की, सोर्सच्या फोल्डरात बसून घडण करू नये; शेजारी एक रिकामे फोल्डर करून तेथून कॉन्फिगरची आज्ञा द्यावी, म्हणजे मूळ मजकूर सोवळा राहतो आणि बिघडले तर शेजारचे फोल्डर पुसून नव्याने आरंभ करता येतो. कॉन्फिगरला आपण आपली इच्छा सांगायची: भाषा सी आणि सी-प्लस-प्लस एवढ्याच हव्यात, बत्तीस-बिट संग्रह नकोत, आणि तयार झालेला माल प्रणालीच्या मुख्य भांडारात न मिसळता निराळ्या जागी ठेवावा. ही शेवटची अट विसरू नये. घरातल्या चालू कंपायलरवर नव्याने अतिक्रमण केले आणि नवा सदोष निघाला, तर तो सुधारण्याचे हत्यारही गेलेले असते. कॉन्फिगर मग थोडा वेळ यंत्राची झडती घेते: अमुक आहे का, आहे, तमुक चालते का, चालते, आणि सारे जमले म्हणजे मेकफाइल नावाचा कामाचा तक्ता लिहून मोकळी होते. त्यानंतर आज्ञा एकच, ‘मेक’.

चार कामे एकदम चालवण्याचा हुकूम आम्ही प्रथम दिला तेव्हा थोड्याच वेळात ‘किल्ड’ एवढाच शब्द उमटून काम बंद पडले. रॅम संपत आली की प्रणाली सर्वांत खादाड प्रक्रियेचा बळी घेते, आणि खादाड तर आमचा कंपायलरच. हे लगेच उमगले व कामे दोनवर आणली. पुढचे विघ्न मात्र विलक्षण निघाले. दुपारी एकच्या सुमारास ‘इंटर्नल कंपायलर एरर’ असा शेरा येऊन घडण थांबली. पुन्हा चालवली, तर ज्या फाइलीवर अडली होती ती सुरळीत पार पडली आणि दहा फाइलींपुढे तिसरीच अडली. पुन्हा चालवली, पुन्हा निराळी जागा. मजकुरातला दोष असा जागा बदलीत हिंडत नसतो. तो त्याच ओळीवर, त्याच खुणेवर, निर्लज्जपणे उभा असतो. मी मजकूर, गठ्ठा, डिस्क, सगळ्यांवर संशय घेऊन झालो, आणि मग शेऱ्याखालची दुसरी ओळ नीट वाचली. कंपायलर स्वतःच पुन्हा प्रयत्न करून पाहतो, आणि दुसऱ्या खेपेस दोष आढळला नाही तर कळवतो की, हा दोष पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तेव्हा तो बहुधा हार्डवेअरचा किंवा कार्यप्रणालीचा असावा. साक्षीदाराने आपल्यावरचा आळ न्यायाधीशावर ढकलावा तसे ते वाक्य मला प्रथम वाटले. पण साक्ष खरी होती. तासन्‌तास प्रोसेसर आणि रॅम यांना पूर्ण कामाला जुंपणारे उद्योग सामान्य माणसाच्या घरी थोडेच असतात; त्यामुळे अधू रॅम आणि तापलेला प्रोसेसर यांची पहिली वाच्यता कंपायलरच्या घडणीत होते, हा अनुभव लिनक्सच्या जुन्या मंडळींना पूर्वीपासूनचा आहे.

बाहेर पारा ४७ अंशांपुढे होता. भाच्याने पेटी उघडली. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धातूच्या पात्यांची जी जाळी असते तीत बोटभर जाडीचा थर बसलेला होता आणि तो करडा नव्हता, काळा होता. ज्या चंद्रपूर शहराच्या सीमेवर २९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि भोवती कोळशाच्या खाणी आहेत, तेथल्या धुळीचा रंग निराळा असायचा कसा? आपल्याच जमिनीतला कोळसा श्वासमार्गात अडकून आपलाच संगणक कंपायलर घडवायला नकार देत होता. मी ताबडतोब ब्रश घेतला, पण भाचा म्हणाला, “साफ करू, पण मामाजी, दिवसा नका लावू आता. ऊन उतरू द्या, रात्री कूलर लावून चालवू.” तेंदूच्या बायाही उन्हाच्या आधीच काम उरकतात. रात्री दहाला आम्ही शेजारचे फोल्डर पुसले, कॉन्फिगरपासून आरंभ केला आणि पडद्यावरून पाण्यासारख्या वाहणाऱ्या ओळी पाहत बसलो.

त्या रात्रीत कंपायलर तीन वेळा घडतो. या त्रिरावृत्तीला बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि या साऱ्या कारागिरीतली सर्वांत सुंदर गोष्ट माझ्या मते हीच. पहिल्या फेरीत घरात आधीपासून असलेला जुना कंपायलर नव्याचा मजकूर घेऊन त्यातून नवा घडवतो. पण हा नवा जुन्याच्या हातचा असतो, त्याची आकडेभाषा जुन्याच्या वळणाची असते. दुसऱ्या फेरीत तो पहिला नवा आपलाच मजकूर पुन्हा हाती घेतो आणि त्यातून दुसरा घडवतो. तिसऱ्या फेरीत दुसरा तिसऱ्याला घडवतो. आता दुसरा व तिसरा हे दोघेही एकाच मजकुरातून, नव्याच्याच रीतीने झालेले. तेव्हा ते अक्षरशः, बाइटला बाइट, एकरूप असले पाहिजेत, आणि नसतील तर घडवणाऱ्यात कोठे तरी खोट आहे. जमाखर्चाची दोन कारकुनांनी स्वतंत्र केलेली बेरीज रुजू घालावी तशी ही रुजुवात मेक आपण होऊन करते. पहाटे चारच्या पुढे ‘कंपेअरिंग स्टेजेस टू अँड थ्री’ ही ओळ आली. त्याखाली एका फाइलीविषयी ती भिन्न असल्याची सूचना आली आणि माझा जीव वर गेला. परंतु चेकसमची ती फाइल या नियमाला मान्य अपवाद आहे, तशी सूचना येणे रीतीचेच आहे. मग ‘कंपॅरिझन सक्सेसफुल’. भाचा तोवर झोपला होता. त्याला उठवून ती ओळ दाखवण्याचा मोह मला आवरला नाही.

कंपायलर घडवायला कंपायलर लागतो, तर पहिला कोठून आला, हा प्रश्न लोहाराच्या सांडशीसारखा आहे: तापलेले लोखंड सांडशीने धरल्याशिवाय सांडशी घडत नाही. इतिहासात याची उत्तरे निरनिराळी सापडतात. १९६२ साली एमआयटीत हार्ट आणि लेव्हिन यांनी लिस्प भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला, तो आधी लिस्पच्या दुभाष्याकरवी, ओळ वाचायची व तत्काळ अमलात आणायची अशा मंदगतीने, चालवला, आणि त्या अवस्थेत त्याला त्याचाच मजकूर खायला घातला. जो बाहेर पडला तो स्वयंसिद्ध कंपायलर. जीसीसीच्या घराण्यात मात्र अंड्याआधी कोंबडी असतेच, आणि प्रत्येक पिढी मागच्या पिढीच्या आधाराने जन्मते. २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून तर तो घडवायला सी-प्लस-प्लस जाणणारा कंपायलर लागतो.

ही वंशपरंपरा सुंदर आहे तशी भयावहही आहे, हे केन थॉम्पसन यांनी आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या, १९८४ मध्ये छापल्या गेलेल्या, व्याख्यानात दाखवून दिले. एखाद्या लबाडाने कंपायलरमध्ये अशी युक्ती घातली की परवलीचा शब्द तपासणारी कृती कंपाइल करताना तीत एक चोरदरवाजा ठेवायचा, आणि कंपायलरचाच मजकूर कंपाइल करताना ही युक्ती त्यात पुन्हा पेरायची, तर मूळ मजकुरातून तो दोष पुसून टाकला तरी तो पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहतो. मजकूर स्वच्छ, आणि वस्तू दूषित. आमच्या पहाटेच्या रुजुवातीनेही तो उघडकीस येणार नाही, कारण दुसरा आणि तिसरा दोघेही सारखेच दूषित निघतील. यावर उपाय म्हणून काही मंडळींनी मुळापर्यंत जाण्याचा हट्ट धरला. ग्विक्स या प्रणालीच्या कर्त्यांनी २०२३ मध्ये अशी उतरंड जाहीर केली की जिच्या तळाशी अवघ्या ३५७ बाइटची एक कृती आहे. तीवर जराशी मोठी, तीवर आणखी मोठी, असे करत करत अखेर जीसीसीपर्यंत पोहोचता येते. देवनागरीचे एक चिन्ह संगणकात तीन बाइट जागा घेते. म्हणजे ते सारे बीज या लेखातल्या सुमारे एकशेवीस चिन्हांएवढे. एवढे तर कोणीही डोळ्यांनी तपासू शकतो. मी तपासले नाही, हे कबूल केले पाहिजे. मी माझ्या जुन्या कंपायलरवर विश्वास ठेवला.

‘मेक इन्स्टॉल’ने माल नेमून दिलेल्या जागी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या हत्याराची पहिली कृती कोणती लिहावी यावर आमचा थोडा वाद झाला. भाच्याला जगरहाटीप्रमाणे पडद्यावर एक अभिवादन उमटवायचे होते, आणि ते त्याने ‘जोहार’ असे उमटवले. मला मात्र दुसरे काही पाहायचे होते. जीसीसीच्या २०२० सालच्या दहाव्या आवृत्तीपासून, कृतीत आपण ज्या राशी वापरतो त्यांची नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. मी ‘पाने’, ‘पुडके’ आणि ‘गोणी’ अशा तीन राशी मांडल्या. नावे चालली, अंक मात्र इंग्रजी वळणाचेच लागतात, देवनागरी सत्तर त्याला कळत नाही. एका पुडक्यात सत्तर पाने, हजार पुडक्यांची एक गोणी. कंपाइल केले, चालवले. पडद्यावर सत्तर हजार उमटले. मराठी नावांचा तो कोरा मजकूर आपल्या घरी, आपल्या विजेवर घडलेल्या कंपायलरने निमूटपणे स्वीकारला, याचा मला झालेला आनंद थोडा बालिश होता, हे मान्य करतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गडचिरोलीकडच्या; लग्नाआधी त्यांनी वर्षानुवर्षे पान तोडले आहे. त्या झाडू हातात घेऊन पडद्यासमोर थांबल्या आणि हे काय चालले आहे म्हणून विचारले. मी सांगितले. त्यांनी सत्तरच्या आकड्याकडे पाहिले आणि हसल्या. “सत्तर कोन मोजते जी? पुडक्यात चार-पाच पानं वरतून घालाच लागते. फाटकं-तुटकं निंगालं तं मुन्शी पुडकंच फेकून देते.”

मी सोर्सची फाइल उघडली, सत्तरच्या जागी पंचाहत्तर लिहिले आणि पुन्हा कंपाइल केले.